मागच्या दोन महिन्यांचं काय?

माझी नोकरी दोनदा गेली आणि दोन्ही वेळा दुबईतच गेली. पहिल्यांदा गेली तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो, दुसऱ्यांदा एकोणपन्नासचा. मधल्या पंधरा वर्षांत दुबई ओळखू येऊ नये इतकी बदलली. मी फारसा बदललो नाही, आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

मी एस्टिमेटर आहे. उंच इमारतींना बाहेरून काचेच्या भिंती लावतात ना, त्यांना किती काच लागेल, किती ॲल्युमिनियम, किती स्क्रू आणि किती माणसं, हे नकाशावरून काढून क्लायंटसमोर आकडा ठेवायचा, हे माझं काम. क्लायंट कितीही कुरकुरला तरी मी आकड्यावर ठाम राहतो. कंपनीचे पैसे मागताना माझा आवाज खणखणीत असतो. स्वतःचे मागायची वेळ आली की मात्र तोच आवाज कुठे जातो कळत नाही.

दोन हजार आठच्या मंदीचा फटका दुबईला बसला तो त्या वर्षाच्या शेवटी शेवटी. ज्या टॉवरांची एस्टिमेट्स मी रात्रंदिवस करत होतो त्यांची कामं जिथल्या तिथे थांबली. जानेवारीत आमच्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाले, "हबीबी, यू आर लाइक माय ब्रदर. तीन महिने बिनपगारी सुट्टी घे. मार्केट वर आलं की पहिला फोन तुला." मी थँक्यू म्हणालो. बिनपगारी सुट्टी दिल्याबद्दल कोणी आभार मानतं का? मी मानले. व्हिसा त्यांच्या हातात होता, आणि चहाही चांगला होता.

बायको चार वर्षांच्या मुलीला घेऊन पुण्याला गेली. मी फ्लॅट सोडून करामामध्ये आणखी दोघांबरोबर एका खोलीत राहायला गेलो. सहा महिन्यांनी रास अल खोरमध्ये एका छोट्या कंपनीत काम मिळालं. गोदामांच्या आणि वर्कशॉपच्या रांगेत वर पत्र्याचं ऑफिस, खाली काच कापायचं मशीन. नवी नोकरी लागली म्हणून जुन्या मालकांना भेटायला गेलो. ते म्हणाले, "तुझा सगळा हिशोब पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला." पाच वर्षांची ग्रॅच्युइटी होती, चौदा हजार दिरहम. तेव्हाच्या भावानं एक लाख ऐंशी हजार रुपये.

पुढच्या महिन्यात गेलो, चहा झाला. त्याच्या पुढच्या महिन्यात गेलो, चहाबरोबर खजूर मिळाला. असं मी चौदा महिने केलं. दर वेळी पैशांचा विषय मी कसाबसा, जाता जाता, दाराशी उभा राहून काढायचो आणि ते माझ्या पाठीवर हात ठेवून मला लिफ्टपर्यंत सोडायला यायचे. शेवटी ऑफिसलाच कुलूप दिसलं, तेव्हा मी कामगार खात्यात गेलो. काउंटरवरच्या माणसानं कागद पाहिले, तारखा पाहिल्या आणि फार सौम्यपणे सांगितलं, की असं मागणं वर्षाच्या आत करावं लागतं. वर्ष उलटलंय. खलास.

मी पुण्याला फोन करून बायकोला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जेवलास का?" मला वाटलं, विषय संपला. पण पुढे कित्येक वर्षं आमच्या घरात कुठलीही खरेदी निघाली, सोफा, फ्रीज, मुलीची सायकल, की ती म्हणायची, "चौदा हजार असते तर."

ती आणि मुलगी त्यानंतर वर्षभरात परत आल्या. आम्ही सिलिकॉन ओएसिसमध्ये घर घेतलं, भाड्यानंच. बायको एका क्लिनिकमध्ये अकाउंट्स बघायला लागली. मुलगी इथेच मोठी झाली, कॉलेजात गेली. आम्ही तिच्याशी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तरं देते, आणि एकमेकांचं सगळ्यांना कळतं.

मग रास अल खोरची कंपनी कुणा मोठ्या कंपनीनं विकत घेतली. त्यांचे एस्टिमेटर दुसऱ्या देशात बसतात, तिथे ते स्वस्त पडतात. आम्हा अकरा जणांना एकाच दिवशी पत्रं मिळाली. नोटीसचा महिना भरून जूनच्या शेवटच्या दिवशी मी टेबलाचे खण रिकामे केले. रिसेप्शनवरची फिलिपिनी मुलगीही त्या अकरांत होती. मुलगी म्हणतोय खरा, पण तीही तिशी ओलांडलेली, दोन पोरांची आई. पोरं मनिलाला आजीकडे. ती रडत रडत सगळ्यांना मिठ्या मारत होती आणि त्याच वेळी फोन वाजला की स्वच्छ आवाजात "गुड आफ्टरनून" म्हणत होती.

नव्या मालकांनी ग्रॅच्युइटी चौदा दिवसांत देतो म्हणून सांगितलं. चौदा दिवस झाले, वीस झाले. मी एचआरला मेल लिहिला. त्यात 'काइंडली' तीनदा होतं आणि 'ॲट युवर कन्व्हिनियन्स' एकदा. बायकोनं तो माझ्या खांद्यावरून वाचला.

"हे काय आहे? त्यांच्या सोयीनं?"

"अगं, प्रोफेशनल लिहावं लागतं."

"परवापर्यंत नाही आले तर तक्रार करायची."

"तक्रार बरी नाही दिसत. मार्केट छोटं आहे. उद्या कुठे इंटरव्ह्यूला गेलो तर..."

"चौदा हजार," ती म्हणाली.

तक्रार तिनंच केली. म्हणजे फोन माझा, ॲप कामगार मंत्रालयाचं, अंगठा माझा, पण अंगठा धरलेला हात तिचा. दोन-तीन आठवडे दोन्ही बाजूंना फोन झाले आणि ऑगस्टच्या मध्यावर तडजोड होऊन माझे ग्रॅच्युइटीचे सगळे पैसे खात्यात आले. मंत्रालयाचा तसा कागदही आला. बायकोनं तो प्रिंट काढून निळ्या फाइलमध्ये ठेवला. मला त्या कागदाची इतकी लाज वाटत होती की मी तो नीट वाचलाही नाही.

त्या दिवसांत मी घरचा बाजार आणायचं खातं अंगावर घेतलं होतं. बायको सकाळी कामाला जाणार, मुलगी बारापर्यंत झोपणार, मग मी करणार काय? रास अल खोरचा घाऊक भाजीबाजार मला पंधरा वर्षं रस्त्यावरून माहीत होता, आत कधी गेलो नव्हतो. आता जाऊ लागलो. तिथे भाजी पेटीनं मिळते आणि इतकी स्वस्त मिळते की मोह आवरत नाही. एकदा मी भेंडीची अख्खी पेटी आणली, अठरा दिरहमला. बायको म्हणाली, "म्हणजे चारशे रुपये. स्वस्त आहे. आता ही खाणार कोण?" आठवडाभर आमच्याकडे भेंडी होती, भरलेली, परतलेली, ताकातली. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, प्लीज गेट अ जॉब."

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच बाजारात मला आमची रिसेप्शनवाली भेटली. ट्रॉलीवर कोबीची दोन पोती आणि गाजरांची एक पेटी, डोक्यावर उलटी टोपी. मला बघून तिनं ट्रॉली रस्त्याच्या मध्येच सोडली.

"सर! कैसा है, सर? जॉब मिला?"

मी सांगितलं की अबू धाबीला एका ठिकाणी ऑफर आली आहे, सोळा तारखेला जॉइन व्हायचंय. ती टाळ्या वाजवून म्हणाली, की ती आता घरून लुंपिया विकते. लुंपिया म्हणजे बोटाएवढे कुरकुरीत रोल, आत कोबी-गाजर नाहीतर खिमा. इन्शुरन्सचा पहिला हप्ता आला त्यातून तिनं मोठा फ्रायर घेतला होता.

"कुठला इन्शुरन्स?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "सर, फाइव्ह दिरहम! एव्हरी मंथ! जॉब लॉस इन्शुरन्स! यू डिडन्ट क्लेम? ओह, सर!"

ते पाच दिरहम मला आठवत होते. दीड-दोन वर्षांपूर्वी मुलीनं माझा फोन घेऊन काहीतरी भरलं होतं आणि सांगितलं होतं, की हे नाही भरलं तर दंड आहे. बायकोनं हिशोब केला होता, "पाच म्हणजे एकशे दहा-बारा रुपये, भरून टाक." इथे इतक्या गोष्टींची फी असते की ही आणखी एक, असं समजून मी विसरलो. नोकरी जाण्याबद्दल कोणी मला पैसे देईल ही कल्पनाच माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. पहिल्या वेळी बिनपगारी सुट्टीला जो थँक्यू म्हणाला, त्या माणसाच्या डोक्यात ती येणार तरी कुठून?

"किती मिळतात?"

"सिक्स्टी पर्सेंट ऑफ बेसिक, सर. थ्री मंथ्स. बट ओन्ली थर्टी डेज टू अप्लाय." तिनं बोटांवर मोजलं. जुलै, ऑगस्ट. मग बोटं मिटून घेतली आणि माझ्याकडे इतक्या कळवळ्यानं पाहिलं, की मीच तिला "इट्स ओके, इट्स ओके" म्हणत समजावू लागलो. जाताना तिनं मला गाजरांची एक पिशवी बळेच दिली.

घरी येऊन मी गुपचूप इन्शुरन्सच्या ॲपवर अर्ज भरून पाहिला. नोकरीचा शेवटचा दिवस टाकला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, मुदत संपली आहे, अर्ज नामंजूर. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. आता मागायला नको. पण संध्याकाळी जेवताना तोंडातून निघून गेलं.

बायकोनं हातातला घास खाली ठेवला. "बेसिक नऊ हजार. साठ टक्के म्हणजे पाच हजार चारशे. तीन महिन्यांचे सोळा हजार दोनशे. म्हणजे..." तिनं डोळे मिटले, "साडेतीन लाखांच्या वर."

"मुदत गेली गं. नियम आहे."

"तू माणसाशी बोललास का मशीनशी?"

"ॲपवर..."

"उद्या मी हाफ डे टाकते. माणसाशी बोलायचं."

मुलीनं रात्रीत दोन पानी पत्र तयार केलं. त्यात मी जुलैभर गंभीर आजारी होतो असं फार सुंदर इंग्रजीत लिहिलं होतं. वाचून माझी मलाच काळजी वाटू लागली. "इट्स जस्ट फॉर एम्पथी, बाबा," ती म्हणाली. मी पत्राची घडी करून खिशात ठेवलं.

इन्शुरन्सच्या सर्व्हिस सेंटरमध्ये टोकन घेऊन बसलो. बायको मागच्या रांगेत, मांडीवर निळी फाइल. माझा नंबर आला. काउंटरवर काळ्या पायघोळ अबायातल्या एक तरुण अमिराती अधिकारी होत्या. त्यांनी माझा एमिरेट्स आयडी मशीनमध्ये घातला, स्क्रीन पाहिली आणि इंग्रजी-हिंदी मिसळून विचारलं, "अंकल, व्हाय सो लेट?"

हात खिशातल्या पत्राकडे गेला होता. पण समोर बसून मला आजारी होतो म्हणवेना. सकाळीच मी तीन कप चहा पिऊन आणि दोन पराठे खाऊन आलो होतो, दिसतही तसाच होतो.

"मॅडम, मुझे मालूम नहीं था," मी म्हणालो. "और मालूम होता तो भी शायद मैं नहीं मांगता."

"क्यूं?"

"अच्छा नहीं लगता."

त्या हसल्या. "अंकल, धिस इज नॉट चॅरिटी. आप ने पैसा भरा. इन्शुरन्स है." मग पुन्हा स्क्रीनकडे वळून म्हणाल्या, "एनी लेबर कम्प्लेंट? कंपनी के खिलाफ कोई शिकायत?"

"नो, नो," मी घाईघाईनं म्हणालो. "कोई शिकायत नहीं. वेरी गुड कंपनी."

का म्हणालो असं? मला आजही नीट सांगता येणार नाही. सरकारी खुर्चीसमोर बसलं की आपण भांडखोर नाही हे दाखवायची मला सवयच आहे. पाठीमागून एकदम आवाज आला, "येस! कम्प्लेंट! येस, मॅडम!" अख्ख्या हॉलनं मान वळवली. बायको उठून काउंटरशी आली होती आणि निळ्या फाइलमधला कागद काढून काचेखालून आत सरकवत होती. मला मराठीत म्हणाली, "तू ना, जरा गप्प बस."

अधिकारीबाईंनी कागद वाचला. मग माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि त्यानंतर त्या सगळं बोलणं तिच्याशीच करू लागल्या. त्यांनी सांगितलं ते असं: कंपनीशी वाद चालू असेल, तर तीस दिवस नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून नाही, वाद मिटला त्या दिवसापासून मोजतात. वाद मिटल्याला सव्वीस दिवस झाले होते. आमच्या हातात चार दिवस होते.

"चार दिवस!" बायको मला म्हणाली. "आणि वेरी गुड कंपनी!"

अर्ज नव्यानं भरला गेला. बाई भराभर टाइप करत होत्या. क्लेमची सुरुवात म्हणून त्यांनी त्या दिवसाची तारीख टाकलेली मला स्क्रीनच्या कडेला दिसली. बायकोला तिथून ती दिसत नव्हती. ती फाइल आवरत होती. म्हणजे बोलायचं तर मलाच बोलायला हवं होतं. मी टोकनच्या कागदाच्या चार घड्या घातल्या. क्लायंटसमोर दोन कोटींचा आकडा सांगताना असं कधी केलं नाही.

"मॅडम," मी म्हणालो, "पीछे के दो महीने का क्या? जुलै और ऑगस्ट. नौकरी तो तब से नहीं है."

त्यांची बोटं थांबली. मी वाट पाहिली. मला वाटलं, आता पाठीवर हात आणि लिफ्ट. पण त्या म्हणाल्या, "गुड क्वेश्चन," आणि उठून आतल्या केबिनमध्ये गेल्या. दहा मिनिटांनी आल्या. वरिष्ठांनी सांगितलं होतं, की पगार बंद झाला त्या दिवसापासून मागचं मागता येईल, त्यासाठी वेगळं पत्र आणि बँकेचं स्टेटमेंट लागेल. पत्र मी तिथेच बसून हातानं लिहिलं, सात ओळींचं. त्यात 'काइंडली' एकदाच आलं.

"और एक बात," मी उत्साहात म्हणालो. "सोलह तारीख को मेरी नई नौकरी शुरू हो रही है."

"मबरूक! तो फिर तीसरा महीना नहीं मिलेगा."

"हां, हां, बराबर है."

बाहेर पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसलो. बायकोनं एसी लावला, सीटबेल्ट लावला, आणि मग म्हणाली, "तेवढं लगेच सांगायलाच हवं होतं?"

"त्यांना कळलंच असतं. नवा व्हिसा, नवं लेबर कार्ड, सगळं एकाच कॉम्प्युटरवर आहे."

"ते मलाही माहीत आहे. तरी." मग तिला हसू फुटलं. "पण मागचं मागितलंस हं. मी ऐकलं."

तिनं ऐकलं होतं हे मला माहीत नव्हतं. मी उगाचच गाडीचा आरसा नीट करत बसलो. सिलिकॉन ओएसिसला जायचं सोडून आम्ही भर दुपारी बाहेर जेवलो, ती हाफ डेवर आणि मी बेकार.

सोळा तारखेला मी अबू धाबीला रुजू झालो. अल रीम आयलंडवर एका टॉवरच्या जुन्या काचा बदलायचं काम होतं. रोज पहाटे निघायचं आणि सव्वा-दीड तास गाडी हाणायची. महिनाअखेरीस मी अठ्ठाविसाव्या मजल्यावर एका तडकलेल्या काचेचं माप घेत होतो, तेव्हा मेसेज वाजला. खात्यात पाच हजार चारशे जमा. एकच महिना.

जुना मी असतो तर एवढ्यावर खूश होऊन गप्प बसलो असतो. एक आला, तोही उशिरा मागून, आणखी काय पाहिजे? मी मापाची टेप सुपरवायझरच्या हातात दिली आणि जिन्यात जाऊन फोन लावला. दुसऱ्या महिन्याची केस 'अंडर रिव्ह्यू' होती. आठवड्यानं पुन्हा लावला. मग पुन्हा. चौथ्या वेळी फोनवरच्या माणसानं माझा आवाज ओळखला. "सर, यल्ला, आज मैं खुद देखता हूं." बँक स्टेटमेंटचं एक पान उलटं स्कॅन झालं होतं, एवढंच. मी सरळ करून पाठवलं आणि ऑक्टोबरच्या शेवटी दुसरेही पाच हजार चारशे आले. दोन्ही मिळून दहा हजार आठशे. बायकोनं मोठ्यानं रुपये केले, "दोन लाख चाळीस हजारांच्या वर," आणि घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या जुन्या चौदा हजारांचा उल्लेख झाला नाही.

त्यातले काही मुलीच्या फीमध्ये गेले, काही गाडीच्या कॉम्प्रेसरमध्ये, कारण रोजच्या अडीचशे किलोमीटरनं तो धापा टाकायला लागला होता. त्यावरून मला सुचलं, की ऑफर लेटरमध्ये पेट्रोलचं काहीच लिहिलेलं नाही. मी एचआरच्या बाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, प्रोबेशन संपल्यावर बघू. मी म्हणालो, ठीक आहे, तोपर्यंत निम्मं तरी बघा. त्या म्हणाल्या, विचारून सांगते.

हे सोमवारी झालं. गुरुवारी मी पुन्हा गेलो.